एका आठवड्यात अकरा किलो

शिवणखोली स्टुडिओच्या मागच्या अंगाला होती. एक दार, खिडकी नाही. दोन मशिनं, इस्त्रीचं टेबल, भिंतीवर खिळ्यांची रांग आणि खिळ्यांवर लटकणाऱ्या भल्यामोठ्या पँटी. तिथे मास्तर बसायची. बाई असूनही सगळे तिला मास्तरच म्हणत. तिच्या आधी त्या खुर्चीवर एक टेलरमास्तर बसायचा. तो गेला, हाक मात्र खुर्चीलाच चिकटून राहिली. तिने कधी हरकत घेतली नाही. "हाक काहीही मारा, माप घेताना श्वास रोखू नका," एवढंच तिचं म्हणणं.

कार्यक्रम होता वजन उतरवण्याचा. बारा जाड माणसं एका बंगल्यात राहायची, घाम गाळायची आणि दर आठवड्याला सगळ्या जगासमोर काट्यावर उभी राहायची. कोण किती उतरलं यावर ऑफिसांत, सलूनमध्ये, बसथांब्यावर पैजा लागायच्या. मास्तरकडे त्या बारा जणांचे कपडे होते. पहिल्या भागात ते एक नंबर लहान शिवायचे, म्हणजे पोट उतू जाताना दिसतं. पुढे हळूहळू बेताचे. आणि शेवटच्या भागात विजेता आपल्या जुन्या पँटच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून हसतो ना, ती पँट जुनी नसायचीच. मास्तरने ती आदल्या दिवशी शिवलेली असायची. कंबर पाच इंच वाढवून.

आतलं बाहेर बोलायचं नाही, अशा कागदावर तिची सही होती. नवरा गेल्यापासून हीच नोकरी. गप्प बसणं तिला जड जात नव्हतं. तोंडात बहुतेक वेळ टाचण्याच असायच्या.

तिला एकच भाऊ. तो क्रेन चालवायचा. साठ मीटर उंचीवर, काचेच्या केबिनमध्ये. खाली माणसं मुंग्यांएवढी आणि हाताशी दोन दांडे. लहानपणी तो वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, कारण पुढे बसला की मागच्यांना फळा दिसायचा नाही. ढब्बू हे नाव तेव्हा पडलं आणि बायको आली तरी उतरलं नाही. जमिनीवर लोक त्याच्याकडे बघून हसायचे. वर कुणी हसायला नव्हतं. "ताई, वर गेलो की मला वजनच नसतं," असं तो एकदा म्हणाला होता. पुन्हा तसं कधी बोलला नाही.

मग क्रेनच्या नव्या शिडीचा नियम आला. चढणारा माणूस एकशे वीस किलोच्या आत पाहिजे. ढब्बू भरला एकशे एकतीस. आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. तेव्हाही जास्त भरला तर कायमचा गोदामात. पत्र्याच्या शेडमध्ये, ट्यूबलाइटखाली, नटबोल्ट मोजत.

पत्र आलं त्या रविवारी तो बायकोला घेऊन बहिणीकडे जेवायला आला. पत्र टेबलावर ठेवलं आणि बटाट्यांचं भांडं पुढे ओढलं.

"अकरा किलो," तो म्हणाला. "आठ आठवडे दिलेत."

"मग लाग कामाला."

"लागतो ना. पण आठ कशाला? मागच्या हंगामात जिंकलेला तुमचा तो बेकरीवाला एका आठवड्यात अकरा उतरला. डोळ्यांनी बघितलं मी. काट्यावर आकडा आला आणि ही बया," त्याने बायकोकडे मान केली, "ढसाढसा रडली."

"मी कांदा चिरत होते," भावजय म्हणाली.

"सगळ्यांना नाही जमत ते," मास्तर म्हणाली.

"त्याला जमलं. आणि ढेरी बघशील तर माझा सख्खा भाऊ शोभतो. शेवटचे दोन आठवडे कळ काढतो की! एक कामाचा, एक हाताशी."

मास्तर हसली. हसायला नको होतं. बेकरीवाल्याचा तो आठवडा तिच्या वहीत होता. प्रत्येक माप ती तारीख घालून लिहायची, ती तिची शिस्त. 'आठवडा दुसरा' आणि 'आठवडा तिसरा' यांच्यामध्ये एकोणीस दिवस होते. शूटिंग लांबलं की आठवडाही लांबायचा. पडद्यावर मात्र तो सातच दिवसांचा. शिवाय वजनाच्या आधी दीड दिवस बेकरीवाल्याने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. वाफेच्या खोलीत बसून उरलंसुरलंही गाळलं होतं. वजन झाल्यावर तो शिवणखोलीत आला, इस्त्रीच्या टेबलाला टेकून तीन बाटल्या पाणी प्यायला आणि म्हणाला, "मास्तर, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत." दुपारी आत घेतलेली त्याची पँट संध्याकाळी बटणाला येईना.

हे सगळं तिच्या ओठांवर आलं. मग सही आठवली. तिने भावाला बटाटे वाढले.

सात आठवडे ढब्बूने मजेत काढले. रोज शेवटचं म्हणून काहीतरी खायचा. शेवटचा केक, शेवटचं आइस्क्रीम. शेवटच्या वस्तूंची यादी संपता संपेना. भावजय टोकायची तेव्हा म्हणायचा, "अगं, सासरी जायच्या आधी मुलगी माहेरी राहते, तसा राहतोय मी." सातव्या आठवड्याच्या शेवटी, हाताशी ठेवलेला आठवडाही खाऊन झाल्यावर, काट्यावर एकशे तेहतीस आले. म्हणजे आता तेरा. मग तो घाबरला आणि घाबरला म्हणून आणखी ठाम झाला.

सकाळी एक उकडलेलं अंडं. संध्याकाळी काकडी. प्लॅस्टिकचा रेनकोट घालून पाच मजले वर-खाली. पहिल्या चार दिवसांत पाच किलो उतरले. त्याने बहिणीला फोन केला. आवाज आनंदाने फुटत होता. "बघ! म्हटलं नव्हतं?" मास्तर "छान" म्हणाली. त्या दिवशी तिने एका कोटाची बाही उलटी जोडली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

पाचव्या दिवशी काटा थांबला. सहाव्या, सातव्याही दिवशी तिथेच. मग ढब्बूने पाणी सोडलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी भावजयीचा फोन आला. "ताई, हे जिन्यात पडले. लागलं नाही फारसं. पण उठायला तयार नाहीत, तिथेच बसलेत. म्हणतात एकशे पंचवीस आहे, अजून पाच राहिले. ओठ बघा येऊन त्यांचे. लघवी चहासारखी होतेय. मी काय करू?"

मास्तरने तोंडातल्या टाचण्या काढल्या. मापांची वही पिशवीत टाकली आणि निघाली.

तो तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसला होता. रेनकोटच्या आत घामाची वाफ. चेहरा राखेसारखा. बहिणीला बघून हसायला गेला, तसा खालचा ओठ चिरला.

ती शेजारी बसली. पायरीवर दोघांना पुरेल एवढी जागा नव्हती. ती अर्धी कठड्याला टेकली. वही उघडली.

"हे काय?"

"तुझा सख्खा भाऊ. बेकरीवाला. वाच."

त्याने वाचलं. बोट तारखांवर ठेवून पुन्हा वाचलं. "हे एकोणीस दिवस आहेत."

"हो."

"टीव्हीवर आठवडा म्हणाले."

"टीव्हीवर म्हणाले."

मग तिने सगळं सांगितलं. वाफेची खोली, तीन बाटल्या, पाच इंच वाढवलेली पँट. दिवसाला सहा तास व्यायाम, उशाशी डॉक्टर आणि दुसरं काहीच काम नाही, हेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "आणि तो मागच्या महिन्यात आला होता माझ्याकडे. मागच्या दाराने. विजेत्याचा कोट घेऊन. म्हणाला, मास्तर, सैल करून द्या, कुणाला सांगू नका. सगळं परत आलंय त्याचं. वर चार किलो व्याज."

ढब्बूने वही मिटून तिच्या मांडीवर ठेवली. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लावलं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"होतं."

"आठ आठवडे."

"हो रे."

"मग बोलली का नाहीस? मी तुझ्या घरी बसून बोललो. बटाटे वाढलेस तू मला."

सहीची गोष्ट तिने सांगितली, पण सांगताना तिला स्वतःलाच ती थिटी वाटली. तो तोंड फिरवून बसला. भावजय पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. त्याने हाताने नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिघं कंपनीच्या दवाखान्यात गेली. तो अजून बहिणीशी बोलत नव्हता. रात्रभर पाणी प्यायला नव्हता. बाकावर बसलेला असतानाच त्याची मान पुढे जायची, तो दचकून सावरायचा. मास्तर ते बघत होती. हा माणूस आज एखाद्या किलोने पास झाला, तर उद्या असाच शिडी चढेल, हे तिला त्या बाकावर पहिल्यांदा नीट दिसलं. साठ मीटर. कालपर्यंत ती त्याच्या पास होण्यासाठी झुरत होती.

तिने पिशवीतून बाटली काढली. "पी."

"किलोभर वाढेल."

"वाढू दे. नापास हो. गोदामात जा. नटबोल्ट मोज जन्मभर. मला जमिनीवरचा भाऊ चालेल." तिचा आवाज चढला. बाकावरची माणसं बघायला लागली. "आईने तुला माझ्या कडेवर दिला तेव्हा माझी कंबर मोडली होती रे. तेव्हाही मी म्हटलं नाही, हलका करून द्या."

शेजारचा एक वेल्डर फिसकन हसला. मग भावजय हसली. ढब्बूने बाटलीकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं आणि घेतली. एका दमात संपवली. रिकामी बाटली परत देताना म्हणाला, "अजून आहे?"

काट्यावर एकशे सव्वीस आले.

डॉक्टरीणबाई बारीक चणीच्या आणि तुटक बोलणाऱ्या. त्यांनी आकडा लिहिला, नाडी बघितली, जीभ बघितली. "किती दिवस जेवला नाहीत?"

"आठ."

"पाणी?"

त्याने बहिणीकडे बघितलं. मास्तर म्हणाली, "दोन. आत्ता प्यायला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुठे शिकलात हे?"

"टीव्हीवर."

"वाटलंच. तुमच्यासारखे या वर्षी चार आले. हे जे उतरलं ते पाणी आहे, थोडं अंगातलं मांस आहे. चरबी जागच्या जागी आहे, तिला घाई नाही. असे आज पास झाला असतात ना, तर मी तुमचा परवानाच काढून घेतला असता. चक्कर येणारा माणूस मी वर पाठवत नाही, मग तो पन्नास किलोचा का असेना."

"मग आता गोदाम?" त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला.

"कोण म्हणालं? नियमात मुदतवाढ आहे. कुणी मागत नाही, सगळ्यांना चमत्कारच हवा असतो. सहा महिने. तोवर खालून इशारे द्यायचं काम. नीट जेवायचं, रोज चालायचं. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी मी खूश. दोन उतरले तर मला येऊन सांगायचं, कौतुकासाठी नव्हे, तपासण्यासाठी." त्यांनी कागद पुढे सरकवला. "आणि आज घरी जाऊन काहीतरी खा हो. बघवत नाही तुमच्याकडे."

बाहेर आल्यावर तो पायरीवर बसला आणि रडला. नापास झालेला माणूस असा रडत नाही. भावजय त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि एकीकडे विचारत होती, "सूप करू? की नुसता भात?"

"ताईला विचार," तो म्हणाला. "ती पण जेवायची राहिलीय कालपासून."

आतलं कुणाला सांगायचं नाही, असं त्याने बहिणीला वचन दिलं आणि दुसऱ्याच दिवशी कामावरच्या साऱ्या यार्डाला सांगितलं. मास्तरला धडकी भरली. आता नोकरी जाणार. पण काहीच झालं नाही. कुणाचा विश्वासच बसला नाही. "नापास झालास म्हणून बोलतोस," असं त्यालाच ऐकवलं. मास्तरने मात्र पाच इंच वाढवायचं सोडलं. विचारलं तेव्हा म्हणाली, "पँट आहे तेवढीच शिवीन. पटत नसेल तर तंबूवाला बोलवा." कुणी बोलावला नाही. चालू हंगामात नवा टेलर मिळणं सोपं नव्हतं.

ढब्बू खाली उभा राहून झेंडे हलवायचा. कधी आठवड्याला पाऊण किलो, कधी शून्य, एकदा तर वाढलाच. बायकोबरोबर रोज जेवणानंतर चालायचा आणि सगळा वेळ कुरकुरायचा. सहा महिन्यांच्या शेवटी एकशे एकोणीस आणि वर थोडं भरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठीक." त्यांच्या तोंडून तेवढं पुष्कळ होतं.

तो वर गेला त्या सकाळी मास्तर मशिनवर होती. फोन वाजला.

"ताई, आलो वर."

"धाप लागली?"

"लागली. दोनदा थांबलो."

"मग बस जरा."

"बसलोच आहे. आज ढग नाहीत. सगळं दिसतंय."

तिने फोन ठेवला. मशिनखालचं कापड काढलं, उलटलं आणि पुन्हा तसंच ठेवलं. काजं करणाऱ्या मुलीने मान वर करून विचारलं, "काय झालं हो मास्तर?"

"काही नाही गं," ती म्हणाली. "भाऊ कामावर गेलाय."