एर्विनोच्या ओठावरची खपली

ओतिलिया क्यूस्टर म्हणजे आमच्या डोंगरातली मंत्र घालणारी. पोरांचं रडं, गाईचं आटलेलं दूध, अंगावरची नागीण, सगळ्याला तिच्याकडे उतारा. आमच्या पणजोबांनी जर्मनीकडच्या थंड मुलखातून ब्राझीलला आणलेल्या पोमेरानी बोलीतले, आजीने शिकवलेले शब्द ती तीनदा पुटपुटायची आणि फुंकर घालायची. नियम दोनच. आभार मानायचे नाहीत, आणि वर्षभर त्या दुखण्याबद्दल कुणापाशी चकार शब्द काढायचा नाही. बोललात की मंत्र फुकट.

मागच्या साली आल्याच्या काढणीला तिच्याच नवऱ्याच्या, एर्विनोच्या, खालच्या ओठावर खपली धरली. पडायची, रक्त यायचं, पुन्हा धरायची. आमची कातडी पडली दुधासारखी, आणि ब्राझीलचं ऊन काही कुणाचं सोयरं नाही. चाळिशीनंतर नाक-कान सोलवटलेले नाहीत असा माणूस दाखवा मला! त्यात एर्विनोला टोपीचा कंटाळा.

ओतिलियाने शब्द म्हटले. "आता तोंड मिटा," ती म्हणाली.

"तुझ्यापुढं उघडलंय कधी?" तो हसला.

महिन्यातून एकदा शहरातली कातडीची डॉक्टर, जुसारा, चर्चच्या ओसरीत बसायची. घसा फोडून सांगायची, "महिनाभर न भरलेली जखम, रक्ताळणारी खपली, रूप बदलणारा तीळ, लगेच दाखवा. लहान असतानाच कापलं तर दुपारी जेवायला घरी. रुंद काठाची टोपी घाला, लांब बाह्या घाला, भर उन्हात राबू नका." एर्विनो रुमालाने तोंड झाकून मागच्या दाराने सटकायचा. ओतिलियाला ते दिसायचं, त्याला हाक मारावीशी वाटायची. पण दिलेला मंत्र मागे कसा घ्यायचा, हे आजीने शिकवलं नव्हतं.

एका सकाळी त्याची दाढी करताना तिच्या बोटांना जबड्याखाली गाठ लागली. सुपारीएवढी, टणक. दुखत नव्हती. तिने वस्तरा खाली ठेवला. डॉक्टरीणबाई यायचा दिवस होता. तिने त्याला तसाच अर्ध्या दाढीनिशी ओढत नेलं.

जुसाराने गाठ चाचपली आणि तिचा चेहरा उतरला. "काका, ओठावरचं हे कधीपासून?"

एर्विनो गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. त्याने नुसतं बायकोकडे पाहिलं.

"वर्ष होत आलं," ओतिलिया म्हणाली. "मीच गप्प बसवलं त्यांना."

"तेव्हा नखाएवढा तुकडा काढून भागलं असतं. हा कॅन्सर आहे, बाई, आणि मानेत उतरलाय. उद्याच मोठ्या दवाखान्यात न्या."

बाहेर येऊन एर्विनो पायरीवर बसला. रागावला नव्हता. हिरमुसला होता.

"नऊच दिवस उरले होते गं," तो म्हणाला. "सांगितलंस कशाला? आता तुझा मंत्र लागायचा नाही."