छताखाली मी आणि मामाजी

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं त्या हिवाळ्यात शहरात प्लायवूड मिळणं कठीण झालं होतं. जुन्या इमारतींत नवी ऑफिसं थाटली जात होती आणि प्रत्येक साहेबाला केबिन हवी होती. आम्हाला प्लाय हवं होतं ते गाडीच्या छताला. माझ्या नवऱ्यानं जीपमागे ओढायची, आत झोपता येईल अशी छोटी खोलीच बांधायला घेतली होती. लोखंडी सांगाडा सिलतऱ्याच्या एका वर्कशॉपमधून जोडून आणला होता आणि बूढापाऱ्यातल्या आमच्या अंगणात त्यावर भिंती नि छत चढलं होतं. शेजारी विचारायचे, चाटचा ठेला लावणार काय? मला मात्र तिचं असं वेड लागलं होतं, की ऑफिसातून आल्यावर चपला काढायच्या आधी मी आत डोकावून यायची.

त्या रविवारी छताला आतून पातळ प्लाय लावायचं होतं. आडव्या लाकडी पट्ट्यांना गोंद लावायचा, शीट वर दाबून धरायची आणि स्क्रू मारायचे. आम्हा दोघांना ते काही जमेना. शीट इतकी पातळ, की एक टोक वर नेलं की दुसरं खाली लोंबायचं. शेवटी ह्यांनी मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हाक मारली.

मामाजी रेल्वेतून गार्ड म्हणून नुकतेच रिटायर झाले होते. लग्नाला काही वर्षं झाली होती, तरी मी त्यांच्याशी थेट बोलत नसे. काही सांगायचं असलं तर सासूबाईंमार्फत. त्यांनी तसं कधी सांगितलं नव्हतं. घरात रीत होती आणि मी ती पाळत आले होते. ते आत आले तसा मी डोक्यावरचा पदर सावरला आणि शीटचं एक टोक धरलं. दुसरं त्यांनी धरलं.

ह्यांनी आधी दोन्ही टोकांना स्क्रू मारले. मध्ये शीट फुगली, भरल्या पोटासारखी खाली आली. सगळे स्क्रू काढावे लागले. त्यातच ड्रिलचं पातं मोडलं आणि हे दुसरं शोधायला घरात गेले. ओला गोंद, वर शीट, आणि खाली फक्त आम्ही दोघं.

शीट मामाजींच्या बाजूला सरकू लागली. माझा पदर कधीच खाली आला होता आणि हात मोकळा नव्हता. शीट पडली असती तर दुसरी कुठून आणणार?

"मामाजी, डोकं लावा. डोक्यानं धरा," मी म्हणाले.

त्यांनी डोकं टेकवलं. मीही टेकवलं. "आता?" त्यांनी विचारलं.

मला एकदम शाळेतली पुस्तकं आठवली. कव्हर चिकटवताना मधून बाहेर हात फिरवला की फुगा राहत नाही. मी त्यांना तेच सांगितलं, हात मधल्या पट्टीवर आणा, तिथून तुम्ही तुमच्याकडे दाबत जा, मी माझ्याकडे येते. आम्ही तसं करत गेलो आणि फुगा बघता बघता नाहीसा झाला. छत सपाट!

मामाजी डोकं न हलवता हसले. "तुले एवढं बोलता येते, मले मालूमच नव्हतं."

हे पातं घेऊन परतले तेव्हा मीच सांगितलं, मधून सुरुवात करा. पुढच्या शीटला ड्रिल मी घेतलं आणि मामाजी खालून सांगत गेले, थोडं उजवीकडे, हव, बस. दुपार कधी टळली ते कळलं नाही. आमच्या केसांत गोंद होता, माना अवघडल्या होत्या आणि तरी शेवटच्या जोडावर पट्टी ठोकल्याशिवाय कोणाला बाहेर यायचं नव्हतं.

सासूबाईंनी चहा आतच आणून दिला. चौघं तिथंच खाली दाटीनं बसलो आणि वर बघत राहिलो. मामाजी म्हणाले, गार्डाच्या डब्यातून गावं खूप पाहिली, उतरून राहिलो कुठंच नाही. मग मुलाकडे नाही, माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "पहिले कुठं जायचं?"

"सिरपूरले," मी म्हणाले. "महानदीच्या काठी."

सासूबाई लगेच विचारू लागल्या, की स्टोव्ह कुठे ठेवायचा.