भिवराचं इस्टीलचं ताट

मी जळायची. आधीच सांगून टाकते, म्हंजी मागून कुणी म्हणाया नको की मनकर्णानं आपलं झाकलं आन् जावंचं उघडं केलं. माझी धाकटी जाऊ भिवरा, तिच्यावर मी दोन वर्सं जळले. भाकरी थापताना तव्यापरीस मीच जास्ती तापायची.

आमी धनगर. येलदरीच्या धरणाच्या अंगाला आमचं गाव. पन्नासेक मेंढरं, चार शेळ्या आन् दीड एकर बरड. घरधन्याचं नाव येडबा. बाईनं नाव घ्यायचं नसतंय, पर घेतल्याबिगर तुमाला कळायचं कसं? मी त्यान्ला मालक म्हणते. त्यांचा धाकटा भाऊ रायभान. त्याला मेंढरामागं हिंडायचा कटाळा, म्हून टरकावर गेला. आधी टरक पुसणारा किन्नर, मग डायवर. त्याची बायको भिवरा.

भिवराला कामाचा लय उरक. दिवसाला पंधरा मेंढरं कातरायची, एकीच्या आंगाला वरखडा न्हाई. गडी माणसं बघत राहायची. आन् भांडखोर कशी, बया! घागरीवरून, शेणावरून, केरसुणीवरून आमची रोज तकरार. दुपारी मातूर दोघी एकाच ताटात कोरड्यास-भाकर खायचो. जर्मनचं म्हंजी अल्युमिनचं ताट, कडंला पोचा पडलेलं. घरात समदं जर्मनच होतं.

मग रायभान आजारी पडून घरी आला. जुलाब थांबंनात, तोंडात फोड, गडी वाळून निस्ता सापळा राहिला. मालकांनी त्याला लांबच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, भिवरा संगं गेली. वीस दिसांनी त्याची माती घेऊनच दोघं आली. डॉक्टरनं भिवराचंबी रगत तपासाया घेतलं होतं. महिन्यानं मालक एकलेच जाऊन त्याची चिठ्ठी घेऊन आले.

येताना त्यांनी इस्टीलचं ताट आणलं, इस्टीलचा तांब्या आणला, आन् नवं कोरं घोंगडं. समदं भिवराला! माझ्या लग्नाला चौदा वर्सं झाली होती. त्या माणसानं मला कवा एक पळी आणली न्हवती.

आता आमच्यातली रीत सांगते. धाकट्या भावाच्या बायकोसंगं थोरला दीर समोरासमोर बोलत न्हाई. ती पदर वढून आडोशाला उभी राहती आन् काय सांगायचं ते माझ्या तोंडून. मालक म्हणले, "सांग तिला, आजपून ह्याच ताटात जेवायचं. कबऱ्या शेळीचं दूध तिला दे. आन् कातर धरायची न्हाई म्हणावं." कबरी माझ्या म्हायेरची शेळी हो! तिची धार मी काढायची, तांब्या भरायचा आन् माझ्याच हातानं हिच्या पुढ्यात ठिवायचा. वरून मला तंबी, "तिला येक शबुद वाकडा बोललीस तर याद राख."

म्हून मी बोलणंच सोडलं. ती राखंनं ते ताट घासायची, उन्हात धरून बघायची, पुन्यांदा घासायची. मग एकलीच खांबाला टेकून जेवायची. माझं पोरगं तिच्या घोंगड्यावर लोळाया गेलं की मालक हाक मारून मागं बोलवायचे. मी मनात म्हणायची, बघा बघा, राणीच्या गादीला आमच्या लेकरानं हातबी लावायचा न्हाई!

मग माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्यात रांडमुंड बाईचं दुसरं लगीन लागतंय, त्याला म्होतूर म्हणतेत. धाकट्या दिरासंगं चालतंय. थोरला दीर बापाच्या जागी, तिथं नावच न्हाई. पर माणसाच्या मनाला रीत कुठं आडवती? मला झोपंत ते ताट दिसायचं.

भूकंप झाला त्या सालच्या दिवाळीनंतर वालूरचं स्थळ आलं. नागनाथ नावाचा गडी, बायको मेलेली, येक पोरगी, चाळीस मेंढरं. मी भिवराला इचारलं. ती पदरातून म्हणली, "आक्का, तुमी म्हणताल तसं." दोन वर्सांत पहिल्यांदा तिच्या गालाला खळी पडलेली दिसली. मला तर काय, आभाळ ठेंगणं झालं! ही जाणार, कबरीचं दूध माझ्या लेकरांच्या पोटात जाणार.

मालक म्हणले, "न्हाई."

"कामून?"

"न्हाई म्हंजी न्हाई."

मीबी हट्टाला पेटले. मालकाच्या माघारी निरोप धाडला, संक्रांतीला या आन् कुकू लावून ठरवून टाका. त्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला, जागोजाग पोलिसांचा बंदोबस्त, यष्टीचा भरवसा न्हाई. पाव्हण्यांनी चार दिवस पुढं ढकललं. तेवढ्यात मालकाला खबर लागली. सकाळचा पार, भिवरा अंगणात कबरीची धार काढायली होती, आन् मालक माझ्यावर धावून आले.

"कुणाला इचारून बोलावलंस?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल आशी मी वरडले, "तिला ठिवून घ्यायचीय का तुमाला? ताट, दूध, घोंगडं! मी काय आंधळी हाय?"

त्यांनी हात उगारला. मग तो तसाच खाली आला आन् मालक धपकन भुईवर बसले. बारीक आवाजात म्हणले, "रायभानला एड्स होता. चिठ्ठीत तिलाबी निघालाय."

तो शबुद मी रेडिओवर ऐकला होता.

"तिला सांगितलं न्हाई?"

"कसं सांगू? मी तिच्याशी बोलत न्हाई. डॉक्टर म्हणला होता, तिला सांगा. पर तुझ्या तोंडून सांगायचं, तर सांजच्याला गावभर झालं असतं."

खोटं न्हवतं ते. माझी जीभ मला ठावं हाय. तो निरोप माझ्याच तोंडून जायचा होता आन् माझ्याच तोंडापायी आडला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धारेचा आवाज कवाच थांबला होता. शेळीच्या आडून भिवरा म्हणली, "आक्का, इचारा त्यान्ला, कवापून ठावं हाय."

मी म्हणले, "ती इचारायलीय, कवापून..."

मालकांनी मान वर केली न्हाई. "सांग तिला, दोन वर्सं."

"इचारा, ताट कामून आणलं."

मालकांनी पटक्याचं टोक तोंडाला लावलं.

"इचारा की, आक्का!"

"सांग तिला," मालक म्हणले, "घरात लेकरं हायती. भ्याव वाटलं."

तवा भिवरा उठली. डोईवरचा पदर तिनं खांद्यावर घेतला आन् सरळ मालकापुढं येऊन उभी राहिली. आमच्या घरात आसं कवा झालं न्हवतं.

"भावजी, माझ्या आंगात काय हाय ते तुमाला ठावं, डॉक्टरला ठावं. मलाच तेवढं न्हाई? उद्या मी हे घेऊन त्या नागनाथाच्या घरात गेले असते, तर ते पाप कुणाच्या माथी?" मग तिचा आवाज फुटला. "आन् मी येडी ते ताट घासू घासू चमकवायले. मला वाटलं, नवरा गेला तरी ह्या घरात मला मान हाय."

मालक लेकरावाणी रडले. मी तिचा हात धरला, तिनं सोडवून घेतला.

"आक्का, तुमी माझ्यावर जळताव, मला ठावं हाय. पर मी तुमच्यावर जळायची. तुमाला हे शिव्या देतेत, पावसात मेंढरामागं धाडतेत. माझ्यासंगं दोन वर्सं कुणी भांडलंसुदीक न्हाई."

पाव्हणे आले तवा तिनं दारातच नागनाथाला आपल्या तोंडानं सांगितलं. तो पाण्याला न शिवताच गेला. पर माणूस भला, गावात वाच्यता केली न्हाई. आन् म्याबी न्हाई, हे तुमी खोटं मानताल तरी खरं हाय.

मग मालकाच्या पटक्यात गुंडाळलेली चिठ्ठी तिनं मागून घेतली आन् एकलीच परभणीला सरकारी दवाखान्यात गेली. दिवसभर बसली, डॉक्टरला समदं इचारलं. आल्यावर चुलीपाशी बसून म्हणली, "औषिद न्हाई म्हणला. कवा काय व्हईल सांगता येत न्हाई. ताप राहिला, वजन उतरलं, तर लगोलग ये म्हणला. एका ताटात जेवल्यानं होत न्हाई, घोंगड्यानं होत न्हाई. रगताला जपायचं." आन् खुंटीवरची कातर काढून घेतली. "ही आता माझी. दुसऱ्या कुणी धरायची न्हाई. हाताला लागलं तर माझं मीच बांधीन."

दुसऱ्या दिशी दुपारी ती हात धुवाया गेली तवा मी तिचं इस्टीलचं ताट वढलं, त्यात भाकर मोडली, पिठलं वाढून घेतलं आन् जेवाया बसले. ती आली, बघतच राहिली.

"आक्का, ते माझं ताट हाय."

"तुझं कशाचं? माझ्या नवऱ्यानं आणलंय. दोन वर्सं डोळा हाय माझा त्याच्यावर."

"द्या इकडं!"

"न्हाई देत जा!"

तिनं एक कड धरली, मी दुसरी. पिठलं सांडलं, लुगडी भरली. मी तिला सटवी म्हणले, ती मला हावरट म्हणली. गलका ऐकून मालक वाड्यातली मेंढरं तशीच सोडून काठीसकट पळत आले आन् दारात थबकले.

भिवरानं ताट न सोडता मान वळवली. "भावजी, तुमी मधी पडू नगा," ती म्हणली. "आमचं आमी बघून घेतो."