कापगतेकाकूंची बोली

कापगतेकाकूंशी माझी ओळख झाली ती एका कपाटामुळे. ते कपाट आम्हां दोघींनाही हवं होतं.

गोंदियातलं एक जुनं वसतिगृह बंद पडलं आणि तिथल्या सामानाचा लिलाव निघाला. मी तेव्हा तिरोड्याच्या शाळेत शिकवत होते, गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीला नुकतंच भाड्याने घर घेतलं होतं, आणि स्वस्तात एखादं कपाट मिळालं तर पाहावं म्हणून गेले होते. गुप्ताजी नावाचे गृहस्थ लिलाव पुकारत होते. एका सागवानी कपाटावर मी बोली लावली. भंगारवाले लवकर गळाले. मग माझ्या शेजारून एक बाई बोली वाढवू लागल्या. साठीच्या आसपासचं वय, सुती पातळ, डोक्यावर पदर, आणि बसायला घरून आणलेलं प्लास्टिकचं स्टूल. आवाजात चढउतार नाही. भाजीवाल्याला पाव किलो सांगावं तशा त्या आकडा सांगत. शेवटी मीच थांबले.

कपाट त्यांच्या नावावर झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "तुले कपाट पायजे होतं का वं?"

"हो," मी जरा फुरंगटूनच म्हणाले.

"मंग घेऊन जा ना. मले कपाट कायले पायजे? मले त्याचं दार पायजे."

मला वाटलं, बाईंच्या डोक्यात काही बिघाड आहे. त्यांनी मला हाताला धरून नेलं आणि कपाटाचं डावं दार उघडून आतली बाजू दाखवली. तिथे वसतिगृहाच्या मुलांनी वर्षानुवर्षं वेळापत्रकं चिकटवली होती. कागदांच्या त्या थराखालून एका कोपऱ्यात सोनेरी वेल आणि कमळाची एक पाकळी डोकावत होती. बाकी आम्ही सगळ्यांनी कपाटाचे पाय हलवून पाहिले होते, कुलूप फिरवून पाहिलं होतं. दाराच्या आत कोणी पाहिलं नव्हतं. तिथल्या तिथे सुतार बोलावून त्यांनी दार काढून घेतलं, माझ्याकडून अर्धे पैसे घेतले, आणि आठवड्याभराने मला घरी बोलावलं. ओल्या फडक्याने, वाफेने, नखाच्या टोकाने त्यांनी एकेक थर उतरवला होता. खाली जुन्या छापखान्यातलं लक्ष्मीचं चित्र निघालं होतं. तिच्या साडीचा हिरवा रंग इतका ताजा होता की मी नकळत बोट मागे घेतलं.

काकूंचं घर माझ्या घराच्या मागच्याच गल्लीत होतं. खाली काकांचं बियाण्यांचं आणि खतांचं दुकान, वर राहण्याच्या खोल्या, आणि त्याच्याही वर पत्र्याच्या छपराची एक लांबलचक खोली. तिथे काकूंचा संसार होता, म्हणजे दुसरा. पितळी समया, लाखेचे डबे, नक्षीच्या फण्या, काचेवर मागून रंगवलेली चित्रं, वाळवीने कडा खाल्लेली पुस्तकं, एका रियासतीच्या दिवाणखान्यातून कुठून कुठून फिरत आलेला आरसा. काकूंचं शिक्षण सातवीपर्यंतचं. पण न्यायालयाचा लिलाव असो, रेल्वेचा असो, की एखादी राईस मिल बंद पडून तिच्या मालकाच्या बंगल्यातलं सामान निघालेलं असो, काकूंना त्याची खबर असे.

कुठलीही वस्तू हातात आली की त्या आधी ती उलटी करत. समई उलटी, ताट उलटं, तसबीर उलटी. "समोरून तर ते तुले खुश करासाठीच बसलं आहे," त्या म्हणत. "मागून पाह्य. मागून पाहशील तर कोणी बनवलं, कोणी वापरलं, कोणी दुरुस्त केलं, सारं दिसते." पुस्तक असेल तर आधी शिवण पाहत, मग वास घेत, मजकुराची पाळी सगळ्यात शेवटी.

लिलावाला जाताना त्यांचा एक रिवाज होता. आपण किती रुपयांपर्यंत जायचं तो आकडा त्या सोबत्याच्या कानात सांगून ठेवत. पूर्वी काकांच्या, नंतर माझ्या. "मनातला आकडा वाढत जाते," त्यांचं म्हणणं. "कोणाले सांगून ठेवला का तो जागेवर राह्यते." आणि तो आकडा आला की काकू थांबत. हळहळ नाही, मागे वळून पाहणं नाही. उलट हरलेल्या लिलावांच्या गोष्टी त्या जास्त रंगवून सांगत. रायपूरच्या एका शेठने त्यांच्या हातून हस्तिदंती बुद्धिबळ कसं नेलं हे सांगताना तर त्या शेठच्या चालण्याची नक्कल करून दाखवत.

काका स्वभावाने अबोल. वरच्या खोलीत ते क्वचितच जात, पण तिथल्या सगळ्या फळ्या त्यांनी स्वतः ठोकल्या होत्या. एकदा मी त्यांना विचारलं, "काका, तुम्हाला हे सगळं आवडतं का?" ते बियाण्याचं पोतं शिवत होते. म्हणाले, "मले तिचा चेहरा आवडते, घरी काही घेऊन आली का." आणि पुन्हा दाभण टोचू लागले.

काकूंची एक पोथी मात्र अख्ख्या गल्लीत प्रसिद्ध झाली. तिरोड्याच्या एका लिलावात रद्दीच्या पोत्यातून ती निघाली होती. मोडीत लिहिलेली, लाल शाईच्या समासाची, मधूनमधून हत्तीची आणि बैलाची चित्रं. काकूंना मोडी येत नव्हती. पण अक्षर इतकं देखणं, की हा काही तरी मोठा ग्रंथ असणार असं ठरवून त्यांनी ती देवघरात ठेवली. रोज हळदकुंकू, गुरुवारी फूल. पुढे गोंदियाच्या कॉलेजातले एक प्राध्यापक ती पाहायला आले. काकू म्हणाल्या, "वाचा, पण मोठ्याने वाचा. मलेही समजू द्या." प्राध्यापकांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि जरा अवघडून म्हणाले, "काकू, ही जनावरांच्या औषधांची पोथी आहे. हे बैलाचं पोट फुगलं तर काय पाजावं ते आहे."

काकू क्षणभर पोथीकडे पाहत राहिल्या, मग पदर तोंडाला लावून हसू लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "एवढे वर्षं मी बैलाच्या पोटफुगीले नमस्कार करून राहिली," त्या म्हणाल्या. "चांगलंच झालं ना. आमच्या घरी बैल होते, माझ्या बापाले ही पोथी भेटली असती तर त्यानेही नमस्कारच केला असता." पोथी देवघरातून निघाली नाही. पुढे बरेच रविवार ते प्राध्यापक येऊन वाचत आणि काकू खाली दुकानात आलेल्या शेतकऱ्यांनाही वर बोलावून घेत.

काकूंचं माहेर केशोरीचं. तलाव बांधणाऱ्या आणि राखणाऱ्या कोहळी घराण्यातलं. त्यांच्या वडिलांकडे गावच्या तलावाच्या पाणीवाटपाची जबाबदारी होती. काकू लहान असताना एका नाटक मंडळीने पडदे रंगवायला एक चित्रकार बोलावला आणि तो त्यांच्याच ओसरीत उतरला. त्याने तलावाचा एक पडदा रंगवला. पार, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, पारेवरची मोहाची झाडं, पाण्यात उतरलेल्या म्हशी, मागे धानाची शेतं. "रंग कालवाले पाणी मीच आणून देत होती, आमच्याच तलावाचं," काकू सांगत. नाटकात नायिका जीव द्यायला निघाली की हा पडदा लागे. पुढे काकूंनी तो गावोगावी पाहिला. जिथे जावं तिथले लोक म्हणत, हा आपलाच तलाव आहे. काकू कोणाचंच म्हणणं खोडत नसत. लग्नानंतर तो पडदा नजरेआड झाला.

एक दिवस गुप्ताजींचा फोन आला. ती मंडळी बंद झाली होती आणि मालकाची मुलं सगळं सामान अर्जुनीला एका राईस मिलच्या आवारात लिलावात काढणार होती. मुकुट, तलवारी, हार्मोनियम, आणि पडदे.

आम्ही पॅसेंजरने निघालो. काकूंनी स्टूल घेतलं, लाखोरीच्या डाळीची भजी बांधून घेतली, आणि गाडी सुटल्यावर माझ्या कानात आकडा सांगितला. तो ऐकून मी त्यांच्याकडे पाहिलं. आजवरचा सगळ्यात मोठा आकडा होता. "पैसे माझ्या वाट्याच्या धानाचे आहेत," त्या एवढंच म्हणाल्या.

महाल, रस्ता आणि जंगल असे तीन पडदे मंडपवाल्यांनी घेतले. तलावाचा पडदा निघाला तेव्हा एक तरुण पुढे आला. नागपूरचा व्यापारी, अत्यंत सभ्य. हॉटेलांना आणि मोठ्या घरांना तो जुन्या वस्तू पुरवायचा. असे पडदे कापून, तुकड्यांना काच लावून विकतो, हे त्याने आधीच कोणाला तरी मोकळेपणाने सांगितलं होतं. बोली काकू आणि तो अशा दोघांतच चढत गेली. काकूंचा आवाज नेहमीसारखाच होता, पण स्टुलाची कड त्यांनी हाताने घट्ट धरली होती. तो आकडा आला. त्याने वर बोली लावली. गुप्ताजींनी काकूंकडे पाहिलं, थांबले, पुन्हा पाहिलं.

"काकू, माझ्याकडे थोडे आहेत," मी हळूच म्हणाले.

"नको वं," त्या म्हणाल्या. "झालं."

पडदा त्याचा झाला. मला त्या मुलाचा मनस्वी राग आला होता. काकू मात्र उठून त्याच्याजवळ गेल्या. "बाबू, एक काम कर. नेण्याच्या आधी एकदा पुरा टांगून दाखव." त्यालाही फोटो हवाच होता. मिलच्या लोखंडी तुळईवर चार गड्यांनी पडदा गुंडाळलेला वेळू चढवला आणि पडदा सोडला.

रंग कुठे कुठे उडाले होते, एका म्हशीचं शिंग ठिगळाखाली गेलं होतं, पण पाणी जिवंत होतं. हमाल, मंडपवाले, मालकाची मुलं, सगळे जवळ आले. एक म्हातारा म्हणाला, "हा आमच्या गावचा तलाव आहे." काकू म्हणाल्या, "असंल." त्यांनी स्टूल पडद्यासमोर मांडलं, चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि पाहत बसल्या. मग डबा उघडून त्या मुलालाही भजी दिली. तो शेजारी जमिनीवर बसला.

खाता खाता तो म्हणाला, "आजी, मी कापल्यावर एक तुकडा तुम्हाला पाठवतो. पैसे नकोत."

"तुकडा कायले? मी तर पुरा पाह्यला," काकू म्हणाल्या. मग उठून पडद्याजवळ गेल्या आणि बोटाने हवेत रेघ मारली. "कापाचाच आहे तर इथून काप. हे पार मधातून तोडू नको. पार फुटली तर तलाव राह्यत नाही."

परतीच्या गाडीत मी बडबडत होते, काकू खिडकीबाहेर बघत होत्या. सौंदड सोडल्यावर म्हणाल्या, "मले वाटत होतं, आठवणीत आहे त्याहून लहान निघंल. मोठाच निघाला." नंतर त्यांना झोप लागली. काही महिन्यांनी त्या मुलाने तुकड्यांचे फोटो पाठवले. काकूंनी माझा मोबाइल जवळ धरून एकेक नीट पाहिला आणि समाधानाने म्हणाल्या, "पार सलग ठेवली त्याने."

काका गेले, काकूंचे गुडघे वरच्या खोलीचा जिना चढेनात, आणि त्यांच्या मुलाने त्यांना आपल्याकडे नागपूरला राहायला यायला सांगितलं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हे सारं मावणार नव्हतं. मुलगा म्हणाला, एखाद्या व्यापाऱ्याला एकदम देऊन टाकू. काकूंनी गुप्ताजींना बोलावलं. "माझ्या अंगणात, माझ्या समोर, एकेक वस्तू पुकारा. कोण का घेऊन जाते ते मले पाहाचं आहे."

तो दिवस एखाद्या लग्नासारखा गेला. काकूंनी सगळ्यांना चहा पाजला आणि अट घातली, वस्तू हातात घेऊन उलटी करून पाहिल्याशिवाय कोणी बोली लावायची नाही. प्राध्यापकांना वाटलं होतं पोथी आपल्याला भेट मिळेल. काकू म्हणाल्या, "तुम्हीही बोली लावा, गुरुजी. मजा येते." त्यांनी लावली, आणि शेजारच्या गल्लीतल्या ढोरांच्या डॉक्टरने त्यांना चांगलंच वर नेलं. एका नव्या जोडप्याने समया घेतल्या. आरसा चौघांनी उचलून नेला तेव्हा त्यात आमच्या गल्लीतली घरं एकामागून एक दिसून गेली. प्रत्येक वस्तू गेली की काकू घेणाऱ्याचा चेहरा पाहत आणि मान हलवत. मी त्यांच्या डोळ्यांत पाणी शोधत होते. मला ते दिसलं नाही. दिसत होती ती नुसती उत्सुकता.

दुपार कलल्यावर गुप्ताजींनी चिनी मातीची एक बरणी उचलली. झाकण नसलेली, कडेला टवका गेलेला. "पचास रुपया," ते म्हणाले. कोणीच बोलेना. शेवटी नाक्यावरचा चहावाला साखर ठेवायला म्हणून पन्नास म्हणाला.

"साठ," स्टुलावरून आवाज आला.

गुप्ताजी गोंधळले. "मौसी, ये तो आपकी ही है."

"मालूम है. बोली लगी ना? आगे बोलो."

चहावाल्याला गंमत वाटली. तो सत्तर म्हणाला, काकू ऐंशी म्हणाल्या. अंगणभर हसू पसरलं. सून म्हणाली, "आई, तशीच ठेवून घ्या ना." काकूंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दीडशेला चहावाला हात जोडून मागे झाला आणि गुप्ताजींनी तीनदा पुकारून बरणी काकूंना दिली. काकूंनी कनवटीच्या पैशांतून दीडशे मोजून त्यांच्या हातावर ठेवले.

मी जवळ जाऊन विचारलं, "काकू, या बरणीत काय आहे एवढं?"

"यांनी घेतली होती," त्या म्हणाल्या. "उभ्या जन्मात एकदाच बोली लावली त्यांनी. माझ्यासोबत आले होते, मी दुसरीकडे पाहून राहिली होती, अन् यांनी हात वर केला. झाकण नाही हे घरी आल्यावर दिसलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. सुनेने बरणीसाठी खोका आणि वर्तमानपत्रं आणली होती. काकूंनी ती बाजूला सारली, पुढच्या सीटवर बसल्या आणि बरणी मांडीवर घेतली. मी खिडकीशी उभी होते. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी बरणी उलटी केली, बुडाशी बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहून हसल्या.

"स्वस्तात भेटली वं," त्या म्हणाल्या.