गणिताचा बेवड

१२ जून १९७१, शनिवार. सोमवारी शाळा उघडायची होती आणि आठवीच्या तुकड्या लावायचं काम माझ्याकडे होतं. काम तसं अर्ध्या दिवसाचं. पण आमच्या कोल्हारात ते अर्ध्या दिवसात कधीच झालं नाही, कारण आठवीत जाणाऱ्या मुलांचे विषय मुलं ठरवत नसत, आईबाप ठरवत नसत आणि हेडमास्तर तर मुळीच ठरवत नसत. ते ठरवत माझे नंदावे, म्हणजे नणंदेचे यजमान. माझे पती त्यांना दाजी म्हणत, म्हणून मीही दाजी म्हणू लागले आणि हळूहळू सगळं गावच म्हणू लागलं. दाजींना न विचारता आठवीत बसलेलं मूल गावात दिसलं, तर ते नुकत्याच बदलून आलेल्या पोस्टमास्तरांचं असणार, असं खुशाल समजावं.

तेव्हाची आठवी म्हणजे हायस्कुलाचा उंबरा. सातवीपर्यंत सगळी पोरं एका दावणीला. उंबरा ओलांडला की निवड करायची. बीजगणित-भूमिती घ्यायची की साधं अंकगणित, शास्त्र घ्यायचं की शरीरशास्त्र, संस्कृत घ्यायचं की नुसत्या हिंदीवर भागवायचं. बीजगणित एकदा सोडलं की पुढे कॉलेजात सायन्सचं दार बंद. मग मॅट्रिकला डोकं आपटून उपयोग नाही. मिसरूडही न फुटलेल्या पोरांना हे कुठून कळणार? आईबापांना तर त्याहून कमी कळे. ते दाजींकडे बोट दाखवून मोकळे होत.

दाजी स्वतः सातवी पास. पाटाखाली त्यांची जमीन होती. त्यांच्या वडिलांनी तीत उसावर ऊस घेतला, तो इतका की एका उन्हाळ्यात जमिनीवर मीठ फुलून आलं आणि पुढे तिथे गवतही धरेना. दाजींनी चर खणून, खतासाठी हिरवा ताग गाडून, पिकं पालटून ती जमीन पुन्हा वळणावर आणली. त्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि त्या बदल्यात त्यांच्या हाती एक सिद्धांत लागला. आधीचं पीक पुढच्यासाठी जमिनीत जे ठेवून जातं किंवा तिच्यातून ओरबाडून नेतं, त्याला आमच्याकडे बेवड म्हणतात. हरभऱ्याचा बेवड चांगला, उसाचा वाईट. इथवर थांबले असते तर एक चांगला शेतकरी म्हणून त्यांचं नाव झालं असतं. पण दाजींचं म्हणणं असं, की घर म्हणजेसुद्धा वावरच. थोरल्याने जो विषय घेतला तो त्या घरातून तेवढ्यापुरता संपला. पाठच्यालाही तोच दिला की घर खारपडलं म्हणून समजा.

विषयांच्या जाती त्यांनी पक्क्या करून टाकल्या होत्या. बीजगणित म्हणजे ऊस. पाणी लई पितो, घर वर काढतो आणि जमीन मारतो. संस्कृत म्हणजे हरभरा, नुसत्या दवावर येतो. शरीरशास्त्र म्हणजे ताग. हाती काही लागत नाही, पण घर भुसभुशीत होतं. चित्रकलेला ते बांधावरची कोथिंबीर म्हणत. शेती हा विषय शाळेत शिकवतात याचं मात्र त्यांना शेवटपर्यंत हसू येई. सातवीचा निकाल लागला की काखेत छत्री मारून ते घरोघर निघत. आत कधी बसत नसत, ओट्यावरच. ज्याच्यासाठी आले त्या पोराकडे ढुंकूनही बघत नसत. याच्या आधीचा कोण, त्यानं काय घेतलं, बाप कोणत्या विषयाला शाळेतून पळाला, एवढंच विचारत. बाप पळाला तो विषय त्यांच्या लेखी पडीक रान, तिथे काहीही येऊ शकतं. पहिला चहा बशीत ओतून पीत, दुसरा मागून घेत आणि तो संपला की निकाल देत. एका वर्षी हेडमास्तरांनी धीर करून सांगितलं, की विषय मुलाचे मार्क बघून द्यायचे असतात. दाजी त्यांना म्हणाले, "मार्क म्हंजे औंदाचं पीक, मास्तर. जमिनीचं काय?" हेडमास्तर सायन्सचे पदवीधर, त्यांनी दाजींसाठी दुसरा चहा सांगितला.

त्यांची कीर्ती गावाबाहेरही गेली. तिसगावहून, म्हणजे कोरड्या भागातून, कोणाचा तरी भाचा इथे शिकायला आला. मामा त्याला घेऊन दाजींकडे गेला. दाजींनी एकच प्रश्न विचारला, तिकडं विहिरीला पाणी किती. उन्हाळ्यात तळ दिसतो म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या चहाचीही वाट पाहिली नाही. म्हणाले, संस्कृत द्या. तो मुलगा पुढे संस्कृतात खरोखरच पहिला आला, त्याला दाजी काय करणार. सुतारांची जुळी पोरं आली तेव्हा मात्र सिद्धांत जरा अडला, कारण कोण आधीचा आणि कोण पाठचा हे सुतारीणबाईंनाही छातीठोक सांगता येईना. दाजींनी आंतरपीक ठरवलं. एकाला संस्कृत, दुसऱ्याला शास्त्र. पोरांनी त्यातून स्वतःचा रस्ता काढला. ज्याला ज्या दिवशी जो तास आवडेल त्या तासाला तो जाई, आणि सहामाहीपर्यंत आम्हा मास्तरमंडळींना पत्ता नव्हता.

एकदाच ते अंगाशी आलं. तांबोळ्यांच्या थोरल्याला त्यांनी बीजगणित दिलं होतं, मधल्याला ताग. मधला घरात बसून बरगड्यांची आणि मणक्यांची नावं पाठ करी आणि दुकानात पानं लावायला जाईना. तांबोळ्यांच्या चाचींनी, म्हणजे पोरांच्या आईने, रस्त्यातच दाजींना अडवलं. दाजी शांतपणे म्हणाले, "चाची, तागाचं मोल गाडल्यावर कळतं." जित्याजागत्या पोराबद्दल असं बोलल्यावर चाचींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मग ईदच्या आदल्या दिवशी दाजी स्वतः गुळाची ढेप घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले, आणि ईदचा शीरखुर्मा पहिला दाजींकडे आला.

मी शिकवणारी बाई, मला हा बेवड-बिवड काही पटत नसे. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. दाजींच्या सल्ल्याने चाललेल्या घरांत पोरं कमी मार खात. याचं कारण जमिनीत नव्हतं. थोरल्याचा आणि धाकट्याचा विषयच वेगळा म्हटल्यावर बापाला दोघांची तुलना करता येत नसे, इतकं ते साधं होतं. म्हणून मी त्यांच्या कामात कधी पडले नाही. त्या शनिवारी मात्र पडावं लागलं.

दुपारी मी जमिनीवर पसारा मांडून बसले होते तेव्हा दाजींची धाकटी, सुमन, आली. सातवीला गणितात ती सगळ्या वर्गाच्या पुढे होती. पाटीवर हिशेब मांडायच्या आधी उत्तर सांगून मोकळी होई. दाजींनी तिला अंकगणित आणि शरीरशास्त्र नेमलं होतं. कारणही सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिच्या थोरल्या भावाला त्यांनी बीजगणित दिलं आणि तो मॅट्रिकला आपटला. मधल्याला नियमाप्रमाणे ताग ठरला होता, पण त्याचा दोस्त बीजगणितात, म्हणून तो बापाला चोरून तिथेच जाऊन बसला आणि तोही आपटला. ज्याने सगळ्या गावाला पिकं पालटायला लावली त्याच्याच घरात उसावर ऊस झाला. दाजींनी ते मनाला लावून घेतलं होतं, आणि आता या घरात बीजगणिताचं नाव काढायचं नाही असं ठरवून टाकलं होतं.

सुमन बापाला आण्णा म्हणे. ती म्हणाली, "मामी, तूच घाल ना माझं नाव. आण्णांना कळंस्तवर सहामाही येईल."

मी म्हटलं, एकानं चोरून घेतलं त्याचं काय झालं ते घरात बघतेस ना. आणि पालकाने स्वतः येऊन सांगितल्याशिवाय विषय बदलायचा नाही, असा हेडमास्तरांचा दंडकच होता. मी तिला घरी पाठवलं, उरलेली नावं लावून घेतली, तिचं तेवढं ठेवलं आणि उन्हं कलल्यावर दाजींकडे गेले.

दाजी गोठ्यापुढे दावं वळत बसले होते. वन्सं, म्हणजे माझी नणंद, आत चुलीपाशी होत्या. मी आडवळण न घेता सुमनचं काय ठरलं ते विचारलं.

"ठरलंय की. ताग."

"पोटच्या पोरीला ताग म्हनताय, जिभेला हाड हाय का?" आतून वन्सं म्हणाल्या. दाजींनी तिकडे लक्ष दिलं नाही. दोघा पोरांनी घरातलं गणित पार खाऊन टाकलं, आता दोन हंगाम विश्रांती द्यावीच लागेल, पोरीच्या पोरांना पाहिजे तर बीजगणित द्या, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. पोरगी म्हणून नाही म्हणत नाही, हेही सांगितलं, आणि ते खरंच होतं. गावातल्या दोन-तीन मुलींना त्यांनीच बीजगणितात घातलं होतं.

मी म्हटलं, "दाजी, एक सांगा. वावरात ऊस लावला आणि उगवलाच नाही, तर जमिनीचं काय जातं?"

"काय जायचं? बेणं जातं. जमीन हाय तशी राहती."

"मग तुमच्या दोघांनी बीजगणितातलं काय काढून नेलं?"

आत वन्सं मोठ्यांदा हसल्या. दाजींनी हातातल्या दाव्याला आणखी एक पीळ दिला. मग सावकाश म्हणाले, "तसं बघितलं तर कायबी न्हाई."

काम झालं असं समजून मी उठले. दिवेलागणीला स्वयंपाक पडला होता. पण दाजी 'लिहा' म्हणेनात. दावं वळून झालं होतं तरी हात चालूच होते.

"वैनी, आजवर ज्याला ज्याला मी बीजगणित दिलं, त्यातलं कोन हाय गावात?" ते म्हणाले. "तांबोळ्याचा थोरला मुंबईला गेला. पाटलाचा पुन्याला. देशमुखाची लेक तिकडं नागपुरात नोकरीला लागली. चांगलं पिकतं ते गाडीत भरून बाजारला जातं. वावर हितंच राहतं."

मी पुन्हा बसले. दाजी मग आपणहून बोलत गेले. पोरं आहेत, पण त्यांना बापाचं बोलणं जुनं वाटतं. जेवलं की उठून जातात. पाण्याची पाळी आली की सुमन बरोबर येते. दाजी पाटाच्या तोंडाशी, ती सरीच्या पलीकडच्या टोकाला. पाणी पोचलं की तिथून ओरडून सांगते. पाणी चढेपर्यंत दोघांच्या गप्पा चालतात. अमक्या घरात काय द्यावं, तमक्याचा बेवड कसा, हे सगळं ती ऐकून घेते आणि चुकलं तर चुकलं म्हणते. एवढ्या गावात त्यांना चुकलं म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. तिने अंकगणित घेतलं असतं तर मॅट्रिक होऊन ती इथेच कुठे तरी शिकवायला लागली असती, फार तर जवळच देवळाली प्रवऱ्याला दिली असती. दाजींनी याचा सगळा विचार आधीच करून ठेवला होता.

वन्सं चुलीपुढून उठून दारात आल्या होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आवो, पिकल्यावर ठिवता येत न्हाई वावरात. सडतं."

दाजींनी दावं खुंटीला अडकवलं. "मला काय शिकवती?" ते म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "लिवा, वैनी. बीजगणित लिवा. मी सोमवारी येऊन मास्तरला सांगतो."

मी चहा घेतला नाही, घरी आले आणि स्वयंपाकाला लागले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच हेडमास्तरांच्या घरी गेले, कारण आठवीच्या बीजगणिताच्या तासालाच त्यांनी मुलींचं शिवण, जे मीच शिकवत असे, लावून ठेवलं होतं. ते म्हणाले, एका मुलीसाठी वेळापत्रक मोडता येणार नाही. मी म्हटलं, मग शिवणाची परीक्षा तुम्हीच घ्या, माझ्याच्याने होणार नाही. शिवण शनिवारच्या शेवटच्या तासाला गेलं. तिथून निघाले ती दाजींच्या घरावरून. सुमन ओट्यावर बसून कोणाच्या तरी जुन्या बीजगणिताच्या पुस्तकाला खाकी कव्हर घालत होती. इतकी गुंगली होती की मी समोरून गेले ते तिला कळलंही नाही. मी पाटाच्या वाटेने घरी निघाले. उसाला पाणी चाललं होतं. दाजी एकटेच होते. तोंडाशी सरी फोडत, मग धोतर सावरत बांधावरून पार टोकापर्यंत चालत जात, पाणी पोचलं का बघत आणि पुन्हा उलटे येत. मी चपला बांधावर काढल्या, पदर खोचला आणि पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिले. पाणी पायाशी आल्यावर ओरडून सांगितलं, "दाजी, भरली."