ग्रेस काय म्हणाली होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. तुम्हाला सांगते आहे — आणि यावेळी शब्द न बदलता.

माझं इंग्रजी उत्तम. तेव्हाही होतं. म्हणून तर परदेशी तरुण-तरुणींचा गट आमच्या अकोटला आठवडाभर राहायला आला, तेव्हा दुभाषी म्हणून मलाच अमरावतीच्या कॉलेजातून बोलावून घेतलं. एकमेकांचं ऐकायचं, एवढंच त्या आठवड्याचं काम. त्यात केनियाची ग्रेस होती, माझ्याच वयाची. ती उतरली होती आमच्या शेजारच्या सुमनकाकूंकडे. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, तरी भाकरी थापताना दोघींचं हसणं आमच्या घरापर्यंत यायचं.

शेवटच्या दिवशी हॉल भरलेला. ग्रेस उठली आणि इंग्रजीत म्हणाली, "बसस्टँडवर पोरं रोज माझ्या रंगावरून ओरडतात. मोठी माणसं ऐकतात, हसतात. काल एका बाईनं माझ्याजवळ आलेलं लेकरू ओढून नेलं. तुम्हाला हे कळावं, म्हणून सांगते." आणि माझ्याकडे बघत थांबली.

समोर माझे काका, माझे मास्तर, सगळे ओळखीचे; तिचं भरभर इंग्रजी त्यांतल्या कुणालाच कळलं नव्हतं. मी काय करायला हवं होतं — हे काय मला ठाऊक नव्हतं? मी माइक घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ग्रेस म्हणते, अकोटनं मला घरच्यासारखं प्रेम दिलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"टाळ्या कशाला?" तिनं गोंधळून विचारलं. तुझा खरेपणा आवडला त्यांना, मी म्हटलं. तेव्हा ती रडली. सुटल्यासारखी रडली.

सुमनकाकूंनी मला बाजूला घेतलं. "काहून वं, खरंच असं म्हनली का थे? मंग रडून कायले राहिली?"

"आनंदानं, काकू."

खरं सांगितलं असतं, तर काकू त्याच पावली बसस्टँडवर गेल्या असत्या. एकेकाची खरडपट्टी काढली असती त्यांनी. हेही मला ठाऊक होतं.

ग्रेस मायदेशी सगळ्यांना सांगत राहिली — त्या गावानं माझं ऐकलं. त्या भरवशावर पुढच्या वर्षी तिचा धाकटा भाऊ आला. पोरांनी त्याला त्याच बसस्टँडवर घेरलं, तेच शब्द ओरडले, वर मोबाइलवर व्हिडिओ काढला. दुसऱ्या दिवशी त्यानं अकोल्याला जाऊन परतीची गाडी धरली.

ग्रेसचा फोन आला. "त्यांनी तर ऐकलं होतं ना?"

"गाव बदलायला वेळ लागतो," मी म्हटलं. म्हणजे दोष पुन्हा गावावर. गावाला तर कुणी काही सांगितलंच नव्हतं — सांगणारी मी होते.

गावाच्या अब्रूसाठी केलं, असं म्हणू? नाही. अब्रू मी माझी राखली. त्या हॉलमध्ये मला लाडकंच राहायचं होतं.

त्यानंतर ग्रेसनं फोन केला नाही. सुमनकाकू मागच्या हिवाळ्यात वारल्या. ती पोरगी आपल्याकडे सुखात राहिली, असंच समजून गेल्या.