पुलावरचे लाकडी स्लीपर

धरणगावकडून बोरटेकला जाणारा रेल्वेचा छोटा फाटा होता, तेव्हा उखर्डू त्या फाट्यावर गँगमन होता. खांद्यावर हातोडा टाकून रुळाच्या कडेने चालायचं आणि सैल खिळे ठोकायचे, एवढंच त्याचं काम. नदीवरचा पूल त्याच्याच हद्दीत होता. दगडी खांब, त्यांवर लोखंडी गर्डर, गर्डरांवर लाकडी स्लीपर आणि त्यांवर रूळ. दिवसातून दोनदा गाडी जायची. कापसाच्या गाठी आणि माणसं.

एकुलती लेक वच्छला त्याने नदीपलीकडे बोरटेकला दिली. जावई झुलाल कष्टाळू होता. गावातल्या बाया म्हणाल्या, मधे नदी आहे, चार महिने पूर असतो. उखर्डूची बायको भिकुबाई हसली. "गाडी शे ना, मंग पोर दूर कशी?"

बेचाळीस साली लढाईसाठी लोखंड हवं म्हणून फाटा बंद झाला. रूळ उखडायचं काम उखर्डूच्याच टोळीला मिळालं. पुलापाशी आल्यावर त्याने ओव्हरसियरला हात जोडले.

"साहेब, लाकडं राहू द्या. लोक पायी जातील."

"राहू दे. आम्हाला लोखंडच हवंय," ओव्हरसियर म्हणाला. गर्डर उतरवायला फार खटाटोप पडला असता, म्हणून तेही तसेच राहिले. टोळीतले सगळे बदली होऊन भुसावळला गेले. उखर्डू गेला नाही. लेक टाकून कुठे जायचं, म्हणून नोकरी सोडून तो शेतमजुरी करू लागला.

बरेच दिवस लोक स्लीपरांवरून ये-जा करत राहिले. मग एक स्लीपर नाहीसा झाला. कुणाच्या तरी गोठ्याला तो आडवा लागला होता. मग आणखी दोन गेले. उखर्डू घरोघर जाऊन भांडायचा. पुना पाटलाच्या दारात त्याने आपला स्लीपर ओळखला, तेव्हा पाटील ओरडला, "तुना बापना पूल शे का रे?"

"नही. पन मनी पोर त्या बाजूले शे."

लाकूड काही परत आलं नाही. तरी उखर्डूच्या आरडाओरड्यामुळे निम्म्याहून जास्त स्लीपर टिकून होते. लांब टांग टाकली तर बाईमाणूसही पलीकडे जाऊ शकत होतं.

पुढल्या श्रावणात भिकुबाई तापाने गेली. आठवडाभर झड लागलेली. गावात कोरडं सरपण नव्हतं, गोवऱ्यांचा लगदा झालेला. चार जण न विचारताच पुलावर गेले. डांबर प्यालेलं लाकूड पावसातही पेटतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी स्लीपर आणून रचले आणि उखर्डूकडे पाहिलं. मदतीलाच आली होती माणसं. त्याने अग्नी दिला. काळा धूर सोडत चिता पेटली.

त्यानंतर कुणाला अडवायला त्याला तोंड उरलं नाही. जो तो दिवसाढवळ्या जाऊन लाकडं काढू लागला. दिवाळीपर्यंत पुलावर नुसते दोन गर्डर राहिले, मधे पोकळी आणि खाली पाणी.

वच्छला गरोदर राहिली, पण तिला माहेरी आणायचं राहून गेलं. आधी झुलालला ताप आला, मग नदीला पूर. पुढल्या भाद्रपदात एका सकाळी झुलाल गर्डरावर पालथा पडून, सरपटत अलीकडे आला.

"आबा, वच्छलाले कळा लागन्यात! रातपासून मोकळी व्हत नही. दाईले लई या!"

बोरटेकला दाई नव्हती. उखर्डूने गावातल्या सुंदरबाईला हाताला धरून आणलं. तिने शेकडो बाळंतपणं केली होती. कमरेला दोर बांधून तिला मधे घेऊ, पुढे झुलाल आणि मागे उखर्डू, असं ठरलं. ती गर्डरावर बसली, थोडी सरकली आणि खाली फिरणारं तांबडं पाणी दिसताच तिने डोळे मिटून लोखंडाला मिठी मारली.

"मनाघाई व्हवाव नही, भाऊ," ती रडत म्हणाली आणि पुढे सरकेनाच. तिला परत ओढून काढण्यातच बराच वेळ गेला.

मग ते दोघेच गेले. पलीकडे उतरताना बोरटेकच्या घरातून रडणं ऐकू आलं. बाळ आडवं आलं होतं. वच्छला आणि बाळ, कुणीच वाचलं नव्हतं. उखर्डूने लेकीच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले आणि तिथेच बसून राहिला. झुलाल भिंतीवर डोकं आपटत होता. त्याला धरायचं बळही उखर्डूत नव्हतं.

पूर ओसरला. गावात कुणीच त्याच्या नजरेला नजर देत नव्हतं. पुना पाटलाने एकदा बोलावून जेवायला बसवलं. उखर्डू जेवला आणि उठून घरी गेला.

दोन वर्षांनी उन्हाळ्यात नदी कोरडी पडली, तेव्हा वाळूतून चालत तो बोरटेकला गेला. का गेला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. झुलाल शेतात होता. दाराशी त्याची नवी बायको होती, दूर पिंपळनेरकडची. तिने लोटा भरून दिला.

"तुम्ही कोन शेतस?"

"मी रेल्वेना मानूस," तो म्हणाला.

"आठे रेल्वे व्हती?" तिने नवलाने आजूबाजूला पाहत विचारलं.

तो पाणी प्यायला आणि लोटा ओट्यावर ठेवून उन्हात निघाला.